करंट किती तास पुरतो?

दुखणाऱ्या माणसाला आपल्या भागात आजवर दोनच गोष्टी मिळत आल्या: सुई आणि सल्ला. आता तिसरी आली आहे, बिनसुईचा करंट.

देवगाव फाट्यावर जिंतूरचा, मंठ्याचा आणि सेलूचा रस्ता येऊन मिळतो. या रस्त्यांनी जी माणसं येतात त्यांच्यात न दुखणारं माणूस शोधावं लागतं. कापूस वेचून कंबर धरलेली बाई. ट्रॅक्टरवर दिवसभर आदळून मणक्यात 'गॅप' पडल्याचं सांगणारा तिशीतला पोरगा. पोती उचलून खांद्यातून गेलेला हमाल. 'गुडघे गेले' एवढंच बोलून गप्प बसणारी म्हातारी. सगळ्यांना एकच जाहिरात बोलावते: गोळी नको, सुई नको, ऑपरेशन नको, नुसतं मशीन लावा.

या मशीनबद्दल सरळ बोलायची वेळ आली आहे. विकणारे म्हणतात, याच्यानं सगळं बरं होतं. शिकलेले म्हणतात, सगळी लूट आहे. करंटानं दुखणं कमी होतं, हे खरं आहे. पण कुणाचं होतं, किती तास होतं आणि त्या तासांत माणसानं काय करायचं असतं, एवढं विचारलं की मशीन लावायच्या फुकट शिबिरातला माणूस पुढच्या खुर्चीकडे वळतो. माझं भांडण त्या वळण्याशी आहे.

आधी सुईचं बघू, कारण बिनसुईचं सगळं कौतुक तिच्यामुळे आहे. आपल्याकडे दवाखान्यातून सुई न घेता परतलेला माणूस घरी सांगतो, डॉक्टरनं काही केलंच नाही. म्हणून डॉक्टरही देऊन टाकतात. कंबर असो, गुडघा असो, मान असो, बहुतेक वेळा तीच, डायक्लोफेनॅकची. ती लागू पडते, यात वाद नाही. पण तिचा अंमलही काही तासांचाच. उन्हात राबून, पाणी कमी पिऊन आलेल्या माणसाला ती वरचेवर दिली तर मूत्रपिंडावर घाव बसतो. कुल्ल्यात चुकीच्या जागी टोचली तर पायाकडे जाणारी मोठी नस दुखावते आणि पाऊल उचलेनासं होतं. याच औषधानं आपल्या आभाळातली गिधाडं संपवली. ते टोचलेल्या जनावरांची मढी गिधाडांनी खाल्ली आणि मूत्रपिंडं निकामी होऊन ती मेली. २००६ साली जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक बंद झालं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांची सुईही एका मात्रेच्या, तीन मिलिलिटरच्या कुपीपुरती आणली गेली. गिधाडांसाठी हे करावंच लागणार होतं, आणि बरं झालं केलं. तेवढीच काळजी वेचणीच्या हंगामात पुन्हा पुन्हा सुई घेणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडाची कुणीतरी करायला हवी.

तेव्हा जो माणूस म्हणतो 'मला सुई नको', तो शहाणा आहे. त्याला फसवू नका, एवढंच मागणं आहे.

करंटानं दुखणं घालवायची कल्पना फार जुनी. इ.स. ४७ च्या सुमारास स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानं डोकेदुखीवर आणि पायाच्या गाउटवर जिवंत टॉर्पेडो मासा लावायला सांगितलं आहे. हा मासा अंगातून विजेचा झटका देतो. पाय बधिर होईपर्यंत त्याच्यावर ठेवायचा, हा उपचार. गुण येत होता, कारण मात्र कुणाला सांगता येत नव्हतं. पटेल असं कारण मिळायला १९६५ साल उजाडलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी त्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आपला सिद्धांत मांडला.

तो समजून घ्यायला फाट्यावर उभं राहावं. मंठ्याकडून वाहनांची रांग लागली की सेलूच्या रस्त्यावरची गाडी तोंडाशी थांबून राहते. ती माघारी गेलेली नसते, तिला फक्त वाट मिळत नाही. पाठीच्या कण्यात असाच एक फाटा आहे. स्पर्शाचे निरोप जाड, वेगवान तंतूंमधून येतात, आणि दुखण्याचे बरेचसे बारीक, संथ तंतूंमधून. स्पर्शाच्या निरोपांची गर्दी उडवून दिली की दुखण्याच्या निरोपाला मेंदूकडे जायला वाट अपुरी पडते. गुडघा आपटला की हात आपोआप चोळायला जातो, तो यामुळेच. मशीन हेच चोळणं करतं, पण न थकता.

दोन वर्षांनी, १९६७ साली, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी हे करून पाहिलं. आधी स्वतःच्या चेहऱ्यातल्या नसेवर, मग जुनाट दुखण्यानं गांजलेल्या आठ रुग्णांवर. त्यांतल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटानंतर अर्ध्या तासाहून जास्त आराम पडला. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दोन मिनिटं करंट, अर्ध्या तासाहून जास्त आराम, आणि आठांपैकी चौघांनाच. मशीन लहान झालं, स्वस्त झालं, पण या उपचाराचा स्वभाव आजही तोच आहे. थोड्या वेळापुरता, आणि सगळ्यांना नाही.

आज त्याला टेन्स म्हणतात. खिशात मावणारी डबी, आत बॅटरी, दोन वायरी, टोकाला जेलच्या चिकट पट्ट्या. फिजिओथेरपीला जाऊन आलेला माणूस 'करंट दिला' म्हणतो तेव्हा बहुधा हाच असतो, नाहीतर त्याच घराण्यातला आयएफटी.

दुसरी वाट चीनकडून आली, आणि तिच्या सुरुवातीला आपली माणसं आहेत. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर. कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच देह ठेवला. त्याच पथकातले बिजॉयकुमार बसू १९५८ साली पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. तिकडे बीजिंगमध्ये हान जिशेंग यांनी सुईनं दुखणं का थांबतं याचा काही दशकं पिच्छा पुरवला. त्यांना दिसलं की शरीर स्वतःच अफूच्या जातीची वेदनाशामक द्रव्यं सोडतं. सुई टोचायलाच हवी असंही नाही. त्याच जागी कातडीवर पट्टी चिकटवून करंट दिला तरी द्रव्यं सुटतात. सेकंदाला दोन ठोके दिले तर एका प्रकारची, शंभर दिले तर दुसऱ्या. म्हणजे बिनसुईचं अ‍ॅक्युपंक्चर ही मुळात थाप नाही. जाहिरातीत त्याची थाप होते, कारण दुखणं कमी झाल्याच्या पुराव्यावर साखर, रक्तदाब आणि लकव्याचे दावे लादले जातात.

आता पुराव्याकडे येऊ. २०२२ साली 'बीएमजे ओपन'मध्ये टेन्सच्या ३८१ चाचण्यांचा एकत्र हिशेब छापून आला. त्यांत साडेचोवीस हजारांहून जास्त माणसं होती. पट्ट्या लावलेल्या असताना आणि काढल्यावर लगेच दुखणं नकली मशीनपेक्षा कमी होतं, आणि गंभीर अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष. मशीन विकणाऱ्यानं हा कागद दाखवला तर तो खोटा नाही.

पण दुसरा कागदही मागा. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेला कोणते उपचार द्यावेत हे नाइस ही संस्था सांगते. तिनं २०१६ साली कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नका असं सांगितलं आणि २०२२ साली झिजलेल्या सांध्यांसाठीही देऊ नका असं सांगितलं. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१० साली जुनाट कंबरदुखीत टेन्सचा उपयोग नाही असं म्हटलं, आणि त्याच अहवालात मधुमेहानं पायाच्या नसा दुखत असतील तर त्याचा विचार करावा असंही म्हटलं.

दोन्ही कागद खरे आहेत, कारण दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. पहिला विचारतो, आत्ता कमी दुखतंय का? दुसरा विचारतो, काही आठवड्यांनी, महिन्यांनी या माणसाचं जगणं सुधारलं का? पहिल्याचं उत्तर पुष्कळदा हो येतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा नाही. शिबिरात पहिल्या प्रश्नाचं उत्तर दाखवून दुसऱ्या प्रश्नाची किंमत वसूल केली जाते.

एका दुखण्यात मात्र टेन्सची बाजू बरीच भक्कम आहे आणि तेच शिबिराच्या फलकावर नसतं. पाळीचं दुखणं. जलद ठोक्यांच्या करंटानं ते उतरतं, असं दाखवणाऱ्या चाचण्या आहेत. दुखतं तेव्हा लावायचं, थांबलं की काढायचं. थोड्या वेळाचाच आराम हवा असतो, आणि मशीन तेवढाच देतं. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं. पाळीतलं दुखणं, अंगावरून जाणं, त्या दिवसांत बुडणारी मजुरी आणि मुकादमाचा दंड, या सगळ्यावर पिशवी काढून टाकणं हा इलाज म्हणून सांगितला गेला. एक डबी त्या अन्यायाचं उत्तर होती असं मी म्हणत नाही. पण बायकांच्या दुखण्यावर साधे, परतवता येण्यासारखे उपाय आधी करून बघायचे असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. आजही फलकावर गुडघा असतो, साखर असते, मणका असतो. पाळी नसते.

पुढचा मुद्दा वापरण्याचा आहे आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मशीन लावून माणूस पडून राहतो. शिबिरात तर खुर्चीत बसूनच राहायचं असतं. पण करंटानं जो आराम मिळतो तो हालचालीसाठी वापरायचा असतो. अमेरिकेत आयोवाच्या संशोधकांनी २०२० साली ३०१ बायकांवरची चाचणी छापली. सगळं अंग दुखणाऱ्या फायब्रोमायल्जियाच्या या रुग्ण. त्यांनी घरीच, रोज दोन तास, कामं करता करता मशीन लावायचं होतं. चार आठवड्यांनी खऱ्या मशीनवाल्या बायकांचं हालचाल करतानाचं दुखणं नकली मशीनवाल्यांपेक्षा कमी झालेलं दिसलं. कंबर धरलेल्या माणसाची खरी अडचण हीच असते. दुखतं म्हणून तो हलत नाही, हलत नाही म्हणून स्नायू ढिले पडतात, आणि ढिल्या स्नायूंवर उद्या जास्त दुखतं. करंटानं जी तासाभराची मोकळीक मिळेल तिच्यात चालायचं, फिजिओनं शिकवलेले व्यायाम करायचे. नुसतं बसून घेतलेला करंट संध्याकाळपर्यंत संपतो आणि हाती काही उरत नाही.

जोर किती असावा, हेही सांगत नाहीत. नुसत्या गुदगुल्या होतील इतका करंट बहुधा फुकट जातो. ठणकणार नाही, पण चांगला जाणवेल इतका लागतो. आणि रोज त्याच जोरात, त्याच ठोक्यानं दिला तर चार-पाच दिवसांत शरीराला त्याची सवय लागते. संशोधक कॅथलीन स्लुका यांच्या गटानं हे आधी उंदरांत आणि मग निरोगी माणसांत पाहिलं. आता फुकट शिबिराचं वेळापत्रक आठवा. आठवडाभर फुकट, पहिल्या तीन-चार दिवसांत पाय हलके, आणि शेवटाकडे विक्री. घरी नेल्यावर आठ दिवसांनी 'पहिल्यासारखं वाटत नाही' असं म्हणणाऱ्या बाईला घरचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत. मनाचे नाहीत, शरीराचा नियम आहे, आणि तो विकणाऱ्यानं सांगायचा होता.

शिबिराचं चित्र वाचकांना माहीतच आहे. समाजमंदिरात, मंगल कार्यालयात किंवा रिकाम्या गाळ्यात खुर्च्या मांडायच्या, पुढे पाय ठेवायचे पाट. अर्धा तास तळपायातून करंट. पोटऱ्या फडफडतात, मुंग्या येतात, उठल्यावर पावलं हलकी वाटतात. ते वाटणं खरं आहे. पोटरीचे स्नायू आखडून सैल झाले की रक्त पुढे सरकतं. घरापासून फाट्यापर्यंत चालत आल्यानंही ते सरकतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मग फलक बोलायला लागतो: शुगर, बीपी, लकवा, थायरॉइड, व्हेरिकोज व्हेन्स, सगळ्यावर एकच पाट.

इथं मला राग येतो, आणि तो दडवायचं कारण नाही. या शिबिरांना सगळ्यात जास्त कोण जातं? साखरेचे पेशंट. जुन्या साखरेत तळपायाची जाणीव जाते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, काच रुतली तरी कळत नाही. ज्या तळव्याला कळत नाही त्याला करंट किती जोराचा आहे हे कसं कळणार? तो बटण वाढवत जातो, 'मला काहीच लागत नाही' म्हणतो, आणि कातडी भाजू शकते. साखरेच्या पायाला झालेली जखम पुढे कुठवर जाते हे ज्या घरानं बोट कापलेलं पाहिलंय त्याला विचारा. करंट लावण्याआधी त्या जागी बोथट आणि टोकदार यांतला फरक कळतो का हे तपासायचं असतं. दोन मिनिटांचं काम आहे. तुमच्या शिबिरात ते केलं का? केलं नसेल तर उठून या.

कायदाही ऐकवून ठेवतो. औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ पासून आहे. त्याच्या यादीत मधुमेह आहे, लकवा आहे, रक्तदाब आहे. हे रोग बरे करतो अशी जाहिरात करणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर वर्षापर्यंत. शिवाय १ एप्रिल २०२० पासून माणसावर वापरायची वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. म्हणजे डबीवर बनवणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा क्रमांक असला पाहिजे. फलकाचा आणि लेबलाचा फोटो काढायला फोन सगळ्यांकडे आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची. माणूस कोण आहे तेही विचारायचं. फिजिओथेरपिस्टांची राज्य परिषद आहे, तिच्याकडे नोंदणी असते. अ‍ॅक्युपंक्चरसाठी महाराष्ट्रानं २०१५ चा वेगळा कायदा केला आहे. 'थेरपिस्ट' असं टी-शर्टवर छापलेलं ही नोंदणी होत नाही.

किंमतही बघा. साधं टेन्स मशीन ऑनलाइन हजार-दोन हजारांत येतं. त्याच तत्त्वावरचा पाट शिबिरात त्याच्या कितीतरी पट दरानं खपवला जातो, वर हप्त्यानं. फिजिओकडे चार वेळा लावून बघा. गुण आला तर विकत घ्या. नाही आला तर त्या चौघांसारखे तुम्हीही, ज्यांना वॉल-स्वीटच्या करंटानं तितका आराम पडला नाही. त्यात तुमचा दोष नाही आणि मशीनचाही नाही.

काहींनी मात्र लावून बघायचंसुद्धा नाही. छातीत पेसमेकर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाईनं पोटावर, कंबरेवर नाही. मिरगीच्या रुग्णानं मानेवर, डोक्यावर नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि डोळ्यांवर कुणीच नाही. पायात रक्ताची गाठ असेल तिथं नाही, जखमेवर नाही, कॅन्सरच्या गाठीवर नाही.

आणि काही दुखणी दाबायची नसतात. डाव्या खांद्यातून हातात उतरणारी कळ, सोबत घाम आणि धाप असेल तर ती हृदयाची असू शकते. तिथं पट्टी चिकटवण्यात गेलेला अर्धा तास जीव घेऊ शकतो. कंबरदुखीसोबत लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना. रात्रीचा ताप येतो, वजन उतरतंय आणि मणका एकाच जागी दुखतोय तर क्षयाची तपासणी. मणक्याचा क्षय आपल्याकडे काही दुर्मीळ नाही, आणि करंटाखाली तो महिनोन्महिने लपून राहू शकतो. दुखणं हा निरोप आहे. तो थांबवण्याआधी एकदा वाचायचा असतो.

मग निरोप काय आहे? देवगाव फाट्याच्या आसपास तो बऱ्याचदा कापसाच्या रानातून येतो. दिवाळीच्या आगेमागे वेचणी सुरू होते. बाई कंबरेला ओटी बांधते, वाकते, बोंड वेचते, ओटीत टाकते. ओटी भरत जाते तसं वजन पोटापुढे लोंबतं आणि सगळा ताण कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. मजुरी किलोवर, म्हणून उभं राहून पाठ ताणायला वेळ काढला तर तो तिच्या पैशातून जातो. घरी येऊन चुलीपुढे बसायचं, पाणी भरायचं. या कंबरेला कुठलंही मशीन रात्री एक तास पुरेल. सकाळी ती पुन्हा ओटी बांधणार आहे.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तिथं आज सामुदायिक विज्ञान म्हणतात ते, आधीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, आणि शेतातल्या बायकांचे कष्ट कमी कसे होतील यावर तिथं संशोधन झालेलं आहे. वजन पोटापुढे न लोंबता खांद्यांवर वाटलं जाईल अशी वेचणीची पिशवी ही काही अवघड गोष्ट नाही. ती बाईच्या अंगावर दिसत नाही, कारण कापूस बाईचा नसतो आणि पिशवीचा खर्च कुणाचा हे ठरत नाही. मालकानं बियाणं घेतलं, खत घेतलं, फवारा घेतला. वेचणाऱ्या बाईच्या पाठीसाठी एक चांगली शिवलेली पिशवी आणि दर तासाला मजुरी न कापता पाच मिनिटांची विश्रांती, एवढा खर्च लागवडीच्या हिशेबात धरा. शेतकऱ्याचं गणित तोट्याचं आहे, मला माहीत आहे. पण तोटा सगळ्यात खालच्या माणसाच्या मणक्यात ढकलून गणित बरोबर येत नाही.

शेवटी सरकारचं काम. भारतातलं फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली सुरू झालं, पोलिओच्या साथीनं लुळ्या पडलेल्या मुलांसाठी हात हवे होते म्हणून. म्हणजे या विद्येचं देशातलं घर महाराष्ट्रातच आहे. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून चालू आहे. त्यात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय आणि तालुक्याच्या पातळीवर पुनर्वसनाचं काम करणारा माणूस अपेक्षित आहे, खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्यांकडे घरी जाण्यासकट. परभणीला २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं. कागदावर सोय आहे. म्हातारीला मात्र फाट्यावरून एसटी पकडून परभणी गाठणं परवडत नाही, म्हणून ती गाळ्यातल्या पाटावर पाय ठेवते. तिला दोष देणाऱ्यांनी आधी तिला सेलूत किंवा जिंतूरला फिजिओथेरपिस्ट दाखवावा.

तेव्हा या आठवड्यात एक काम करू. सेलू आणि जिंतूरच्या सरकारी रुग्णालयांत जाऊन विचारा: फिजिओथेरपिस्टची जागा मंजूर आहे का, भरलेली आहे का, तो कोणत्या वारी बसतो आणि तिथं टेन्सचं मशीन चालू आहे का. उत्तर तोंडी घेऊ नका. रुग्ण कल्याण समितीच्या नावानं अर्ज करा, पोच घ्या. तुमच्या गावात करंटाचं शिबिर लागलं असेल तर त्याच्या फलकाचा फोटो आणि मशीनच्या लेबलाचा फोटो सोबत ठेवा. दोन्ही या सदराकडे पाठवा. आलेली उत्तरं तारखेसकट इथं छापली जातील, आणि उत्तर आलं नाही तर तेही छापलं जाईल.